शाल कुणाच्या खांद्यावर?

गोसीखुर्दचं धरण सगळ्यांनी पाहिलं आहे. वैनगंगेचं पाणी अडलेलं आहे, दारं आहेत, कालवे आहेत. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. ती त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. हे पवनी तालुक्यात म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक आहे. पण भिंतीसाठी माती कुणी वाहिली? दगड कुणी फोडला? रात्री पाळीवर कोण होतं? त्यांच्या घरच्यांना त्यांची नावं ठाऊक असतील. बाकी कुणाला नाहीत.

धरणाचं असं झालं. आता शाळेतल्या संगणकाचंही तसंच होऊ लागलं आहे. या पाठात आपण त्याविषयी वाचू.

शाळेला संगणक मिळतो तेव्हा काय होतं, ते आपण पाहिलेलं असतं. मंडप पडतो. ज्यांनी पैसे दिले ते पाहुणे येतात. फीत कापतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडते. हे चुकीचं आहे असं आम्ही म्हणत नाही. देणाऱ्याचा मान ठेवायलाच हवा. पण पाहुणे गेल्यावर पुढं काय? कुठं कुठं तो संगणक कपाटात जातो. त्यावर प्लास्टिक घालतात. धूळ बसू नये म्हणून मुलांना हात लावू देत नाहीत. दिवाळीला त्याची पूजा मात्र होते.

आणि काही गावांत असं होत नाही. तिथं संगणक चालतो. का चालतो? तर कुणीतरी येतं. कुणी कॉलेजात शिकणारा मुलगा असतो. कुणी निवृत्त झालेल्या बाई असतात. कुणी मोबाईल दुरुस्त करणारा दुकानदार असतो. आठवड्यातून एक दिवस तो येतो, तार तपासतो, बिघाड काढतो आणि मुलांना घेऊन बसतो. त्याला पगार नसतो. अशा माणसाला स्वयंसेवक म्हणतात. स्वतःच्या मनानं, मोबदला न घेता काम करणारा तो स्वयंसेवक. शाल त्याच्या खांद्यावर क्वचितच पडते.

संगणक मुलांना काय शिकवतो, हा प्रश्न कुणी विचारील. विचारायलाच हवा. नुसती चित्रं आणि गाणी पाहायची असतील तर घरचा मोबाईल आहेच. तेव्हा आधी एक उदाहरण घेऊ.

१९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी एक भाषा तयार केली. तिचं नाव लोगो. या भाषेत एक कासव असतं. पुढं ते पडद्यावर आलं. मूल कासवाला हुकूम देतं आणि कासव तसं चालतं. चालताना मागं रेघ ओढतं. आता समजा, मुलाला चौकोन काढायचा आहे. आपली धानाची चौकोनी बांधी डोळ्यांपुढं आणा. तिच्या धुऱ्यावरून आपण चालतो आहोत. सरळ शंभर पावलं चाललो. कोपरा आला. उजवीकडं वळलो. पुन्हा शंभर पावलं. पुन्हा उजवीकडं. असं चार वेळा केलं की निघालो तिथं येऊन पोचलो. मूल कासवाला हेच सांगतं: पुढं १००, उजवीकडं ९०. हे चार वेळा कर. चौकोन तयार.

यात ९० म्हणजे काटकोन. मुलानं चुकून ८० सांगितलं तर कासव भलतीकडं जातं. बांधी जुळत नाही. मग मूल स्वतःच विचारात पडतं, कुठं चुकलं? कुणी छडी मारत नाही, कुणी हसत नाही. ते हुकूम बदलतं आणि पुन्हा करून पाहतं. भूमितीचा धडा असा हाताखालून जातो. त्रिकोण काढायला किती वळावं लागेल, हे घरी मुलांना विचारून पाहा. ६० असं बहुतेक मुलं सांगतील. पण कासवाला १२० वळावं लागतं. का, ते अंगणात त्रिकोण आखून, त्याच्यावरून चालून बघितलं की कळतं. कागदावर समजायला थोडं अवघडच आहे.

पण हे कासव मुलापर्यंत पोचवायला माणूस लागतो. सगळा प्रश्न इथंच आहे.

आपल्या देशात शाळेत संगणक न्यायचं काम नवं नाही. १९८४ साली सरकारनं २५० शाळांमध्ये संगणक देऊन एक योजना सुरू केली होती. ते संगणक इंग्लंडच्या बनावटीचे होते. पुढं १९९९ च्या २६ जानेवारीला दिल्लीत एक वेगळा प्रयोग झाला. सुगत मित्रा नावाचे शास्त्रज्ञ कालकाजी भागातल्या एका कंपनीत काम करत. कंपनीच्या भिंतीपलीकडं झोपडपट्टी होती. त्यांनी भिंतीला भोक पाडलं आणि त्यात संगणक बसवला. कुणी शिकवायला ठेवलं नाही. झोपडपट्टीतली पोरं जमली आणि एकमेकांचं बघून संगणक चालवायला शिकली. पुढं असे भिंतीतले संगणक देशात कितीतरी ठिकाणी लागले. आपल्या महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या गावांतही लागले. तिथल्या मुलांची पाहणीही झाली.

हे ऐकून कुणाला वाटेल, मग माणसाची गरजच नाही! मशीन ठेवा, पोरं आपोआप शिकतील. काही मोठ्या लोकांनाही असं वाटलं. पण पुढं काय झालं तेही ऐका. पायल अरोरा नावाच्या संशोधक बाईंनी उत्तराखंडात अलमोडा भागातल्या अशा दोन जागा पाहिल्या. २०१० साली त्यांनी त्याविषयी लिहिलं. तिथं संगणक बंद पडले होते. जे सगळ्यांचं असतं आणि ज्याची राखण कुणावरच नसते, त्याचं असंच होतं. गावातल्या हातपंपाचा दांडा मोडला की आठ आठ दिवस कोण बघतं?

खुद्द मित्रांनाही माणसाची गरज पुढं दिसली. ती गोष्ट मोठी गोड आहे. तमिळनाडूत समुद्रकाठी कलिकुप्पम नावाचं गाव आहे. २००४ च्या त्सुनामीचा तडाखा त्या भागाला बसला होता. तिथल्या २६ मुलांपुढं मित्रांनी संगणक ठेवला. त्यात जीवशास्त्राचा अवघड विषय होता आणि तोही इंग्रजीत. मुलांची भाषा तमिळ. दोन महिन्यांनी परीक्षा घेतली तर मुलांना शंभरात तीस गुण पडले. शून्यावरून तीस, हे काही कमी नाही. पण पास होण्याइतके नाहीत. मग मित्रांनी गावात हिशेबाचं काम करणाऱ्या २२ वर्षांच्या एका मुलीला विनंती केली. ती म्हणाली, मला हा विषय येत नाही. ते म्हणाले, येऊ नको दे. तू आजीसारखी मागं उभी राहा. मुलांनी काही केलं की म्हण, वा! हे कसं रे केलंस? मला पण दाखव. तिनं तसंच केलं. पुन्हा दोन महिन्यांनी मुलांचे गुण पन्नास झाले.

विषय न येणाऱ्या बाईनं वीस गुण वाढवले. आम्हांला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण म्हणतात, आम्ही आत्ता कुठं अक्षरं जुळवायला लागलो, आम्ही लेकरांना काय शिकवणार? शिकवू नका. जवळ बसा. विचारा. त्याला दाखवू द्या.

याच विचारातून २००९ मध्ये एक मोठं काम उभं राहिलं. इंग्लंडातल्या एका वर्तमानपत्रातून मित्रांनी हाक दिली. ज्यांच्याकडं संगणक आहे, आठवड्यातला एक तास मोकळा आहे, त्यांनी भारतातल्या मुलांशी बोलावं. गोष्टी सांगाव्यात, ऐकाव्यात. हजारो मैलांवरून, पडद्यावर समोरासमोर. आपल्या मोबाईलवर मुंबईच्या लेकाशी तोंड बघून बोलतो ना, तसं. पुष्कळ माणसं पुढं आली. त्यांत निवृत्त शिक्षिका खूप होत्या. या मंडळींना नाव पडलं ग्रॅनी क्लाउड, म्हणजे आज्यांचा ढग. सगळ्या काही आज्या नव्हत्या. पुरुष होते, तरुण होते. पण नाव तेच राहिलं. आणि या आज्यांना एकत्र ठेवायचं, वेळ जुळवायची, नव्या माणसांना समजावायचं, हे काम वर्षानुवर्षं पुण्याच्या सुनीता कुलकर्णी यांनी सांभाळलं.

पुण्यात खेळघर नावाचं वस्तीतल्या मुलांचं केंद्र आहे. सातारा जिल्ह्यात फलटणला प्रगत शिक्षण संस्था आहे. ती मॅक्सीन बर्नसन यांनी काढली. त्या जन्मानं अमेरिकन, पण मराठी शिकून इथल्याच झाल्या. या दोन्ही ठिकाणी मुलं अशी पडद्यावरच्या आज्यांशी बोलली. २०१३ साली मित्रांना टेड पुरस्कार मिळाला. तो दहा लाख डॉलरचा होता. त्या पैशातून मुलांसाठी ज्या खोल्या तयार झाल्या, त्यांतली एक फलटणला झाली.

बघा, पुरस्कार मिळाला एका माणसाला. त्या पैशातून काम पुढं गेलं, म्हणून तो सार्थकी लागला. पण दर आठवड्याला ठरल्या वेळी पडद्यापुढं येऊन बसणारी माणसं शेकडो. वीज गेली तरी वाट पाहणारी, आवाज तुटला तरी पुन्हा जोडणारी. त्यांचा मान कुणी करायचा?

आता रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावाकडं जाऊ. गाव लहान. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी एकत्र, शिक्षक एक. २००७ साली या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटा संगणक आला. पांढरा-हिरवा, पाटीएवढा, वर सशाच्या कानासारखे दोन अँटेना. त्याचा पडदा उन्हातही वाचता येई. अमेरिकेतले निकोलस नेग्रोपोंटे यांची ही कल्पना होती: दर मुलामागं एक संगणक. शंभर डॉलरला एक द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. प्रत्यक्षात तो १८८ डॉलरच्या आसपास पडला. २००६ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं ही योजना घ्यायला नकार दिला होता. एवढा पैसा शाळेच्या खोल्यांना आणि शिक्षकांना द्यावा, असं सरकारी अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं अगदीच खोटं होतं असं आम्हांला वाटत नाही. तरी खैराटला प्रयोग झाला. भारतातला या संगणकांचा तो पहिला प्रयोग.

त्या वेळी कार्ला गोमेझ-मोनरॉय नावाच्या बाई परदेशातून खैराटला आल्या. शिक्षकांसोबत आणि मुलांसोबत बसल्या. पुढं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनीही त्या शाळेतली मुलं संगणकावर कशी शिकतात ते पाहिलं.

या संगणकाच्या आत जो कारभार चालतो, त्याचं नाव शुगर. शुगर म्हणजे साखर. कासवाचा खेळही त्यात आहे. हा कारभार कुणा एका कंपनीचा नाही. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा आणि दुसऱ्याला द्यावा. घरचं बियाणं आपण शेजाऱ्याला देतो, तो पेरतो, वाढवतो, पुढं आणखी कुणाला देतो, तसं. २००८ पासून वॉल्टर बेंडर आणि त्यांचे सोबती हे काम शुगर लॅब्ज या नावानं पाहू लागले. जगभरचे स्वयंसेवक त्यात भर घालत आले. कुणी खेळ लिहितो, कुणी चुका शोधतो, कुणी शब्द आपल्या भाषेत आणतो. मराठी शब्दही असेच कुणीतरी रात्री जागून बसवले.

आणि इथं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. या कामात कुणी एक ओळ जरी बदलली, तरी त्याचं नाव, तारीख आणि काय बदललं ते आपोआप नोंदलं जातं. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट असतो ना, तसाच हा हजेरीपट. फरक एवढाच की इथं मजुरी नाही. पण नोंद आहे. दहा वर्षांनीही काढून बघता येतं की हा शब्द कुणी बसवला, ही चूक कुणी दुरुस्त केली. अशी नोंद असली की मान कुणाचा करायचा यावर भांडण होत नाही. वजनदार माणूस, पाहुणा, पुढारी, कुणीही असो, हजेरीपटावर नाव नसेल तर नाही.

आमच्या मते गावानं हेच उचलावं. शाळेत एक साधी वही ठेवावी. कोण आलं, कोणत्या तारखेला, किती वेळ बसलं, काय दुरुस्त केलं, किती मुलं होती. सातवीतल्या पोरांना लिहू द्यावं. म्हणजे लिहिण्याचा सरावही होतो. आणखी एक. मुलांसोबत बसायला बाहेरचा माणूस येतो तेव्हा शिक्षक किंवा एखादी पालक बाई सोबत असावी. कितीही ओळखीचा असला तरी. यात अविश्वास नाही, ही रीत आहे.

मान करणं म्हणजे काय, हेही थोडं बोलू. ज्याला दहा मैलांवरून स्वतःच्या पैशानं यावं लागतं, त्याच्या हातात एसटीचं भाडं ठेवणं हा मान नव्हे. ते आपलं देणं आहे, ते आधी द्यावं. संगणकाची तार तुटली तर तीही त्यानंच का आणावी? दुरुस्तीला गावानं थोडी वर्गणी काढावी. एवढं केल्यावर मग शाल. आणि खरं सांगायचं तर, १ मेच्या ग्रामसभेत भंडाऱ्याच्या उन्हात शाल कुणाला हवी असते? नवा टॉवेल दिला तरी चालेल. पण चार माणसांसमोर, मुलांसमोर नाव घ्यावं आणि काय केलं ते नीट सांगावं.

मोठ्या पुरस्काराचंही एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक म्हणून गेले. शाळेची इमारत पडकी. एका अंगाला गोठा. पुस्तकं मुलांच्या घरच्या बोलीत नव्हती. डिसले गुरुजींनी मुलांची बोली शिकून घेतली. पुस्तकात त्यांनी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकोनी खूण छापली. किराणा दुकानात पैसे देताना आपण मोबाईल धरतो, तशीच खूण. तिच्यावर मोबाईल धरला की त्या धड्याची गोष्ट, गाणं, चित्रफीत उघडते. २०१७ मध्ये राज्य सरकारनं अशी खूण शाळेच्या पुस्तकांत आणायचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर, म्हणजे त्या वेळचे सात कोटी रुपयांहून अधिक.

गुरुजी पगारी होते, म्हणून ते स्वयंसेवक नव्हेत असं कुणी म्हणेल. हरकत नाही. पण त्यांनी बक्षिसाचं काय केलं ते महत्त्वाचं. शेवटच्या फेरीत त्यांच्याबरोबर आणखी नऊ शिक्षक होते, निरनिराळ्या देशांतले. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी त्या नऊ जणांना वाटून देण्याचं तिथंच जाहीर केलं. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ५५ हजार डॉलर आले. एकट्याच्या खांद्यावरची शाल दहा जणांच्या खांद्यावर गेली.

आता आपल्याकडचं काम. गोसीखुर्दच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, ती माणसं नव्या गावठाणांत राहायला आली. शाळाही नव्यानं मांडाव्या लागल्या. जुनी ओळख, जुना पार, सगळं मागं राहिलं. अशा गावात जो माणूस आपल्या लेकरांसाठी वेळ काढतो, त्याचं नाव कागदावर यायलाच हवं. ठराव कुठं मांडायचा? दोन जागा आहेत. एक, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात कायद्यानं चारांपैकी तीन वाटे पालकच असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. दुसरी, ग्रामसभा. ती २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरवतात. ठराव कसा लिहावा, त्याचा नमुना खाली दिला आहे. मोकळ्या जागी नावं आणि आकडे वहीवरून भरावे. आधी मोठ्यानं वाचून पाहा. मग आपल्या हातानं वहीत उतरवा.

मौजे ______, तालुका पवनी, जिल्हा भंडारा.
ग्रामसभा, तारीख ______.

आमच्या गावचे (किंवा ______ गावचे) श्री. / श्रीमती ______ यांनी मागच्या वर्षात आमच्या शाळेत ______ वेळा येऊन मुलांना संगणक शिकवला. त्यांनी ______ वेळा बिघाड दुरुस्त केला. त्यांच्याजवळ ______ मुलं आणि ______ मुली शिकल्या. याबद्दल त्यांनी काही मोबदला घेतला नाही. शाळेच्या वहीत याची नोंद आहे. ती आज सभेत वाचून दाखवली. या कामाबद्दल ही सभा त्यांचे आभार मानते. पुढच्या वर्षी त्यांच्या येण्याजाण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च गाव देईल, असं ही सभा ठरवते.

सूचना मांडणार: ______. अनुमोदन देणार: ______.

अनुमोदन म्हणजे दुसऱ्यानं दिलेला दुजोरा. या दोन ओळींवर सही करायची असते. आतापर्यंत ज्यांनी अंगठा दिला, त्यांनी या वेळी सही करावी. ठरावाची एक प्रत ज्यांचा मान केला त्यांना द्यावी, एक शाळेच्या भिंतीवर संगणकाच्या शेजारी लावावी. फीत कापणाऱ्यांचा फोटो तिथं आधीच असेल. त्याच्या बाजूला जागा करता येईल.